गोरिला परवान्याची किंमत आणि गावांचा वाटा

रवांडातील पहाडी गोरिला पाहण्यासाठी माणशी १५०० डॉलर घेणे म्हणजे निव्वळ श्रीमंतांची चैन पुरवणे, हे मत मला अर्धेच पटते. ती रक्कम आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारी नाही, हे खरेच. परंतु २०१७ मध्ये परवाना ७५० डॉलरवरून दुप्पट करताना पर्यटनाच्या उत्पन्नातील आसपासच्या गावांचा वाटाही पाच टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर नेण्यात आला, हा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. तेथे गोरिला राहतात त्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द म्हणजे लाव्हाच्या दगडांचा साधा गडगा असून बटाट्याची शेते थेट त्याला भिडलेली आहेत. रानरेडे तो ओलांडून पिकात शिरतात, तेव्हा नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्याला त्या जंगलापासून काही मिळते की नाही, यावर त्या जंगलाचे रक्षण बरेच अवलंबून असते.

शिवाय एका कळपाला दिवसाकाठी आठच पर्यटक आणि तेही तासभरच भेटू शकतात, कारण माणसाची साधी सर्दीसुद्धा गोरिलांच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे परवाने स्वस्त केले, तरी जागा वाढणार नाहीत. वाढेल ती रांग (आणि बहुधा वशिलेबाजीही).