वयावरून मात्रा: थोडी भर

मुलाला औषध किती द्यायचं हे वयावरून काढायचं एक जुनं सूत्र म्हणजे यंगचं (वय भागिले वय अधिक १२, गुणिले मोठ्यांची मात्रा). त्यानुसार ४ वर्षांच्या मुलाला पाव मात्रा येते, तर डिलिंगच्या सूत्राने (वय भागिले २०) एक पंचमांश. १२व्या वर्षी मात्र उलट होतं: यंग निम्मी सांगतो, डिलिंग ६० टक्के! शिवाय ४ वर्षांचं एक मूल १२ किलोचं, दुसरं २० किलोचं असू शकतं. म्हणून पॅरासिटामॉल वजनावर देतात, एका वेळी किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम.

खरी गोम औषध शरीराबाहेर काढणाऱ्या यकृत आणि मूत्रपिंडात आहे. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा नवजात बाळाच्या अपक्व यकृताला नीट जमत नाही. 'ग्रे बेबी सिंड्रोम' (बाळ राखाडी पडून जिवावर बेतणारा विकार) त्यातूनच होतो, १९५९ साली त्याची वर्णनं आली. याउलट थिओफिलिन हे दम्याचं औषध लहान मुलं इतक्या झपाट्याने निपटतात की किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त लागतं. हे कोणत्या भागाकारात बसवणार? ॲस्पिरिन तर रे सिंड्रोमच्या (यकृत आणि मेंदूला इजा करणारा दुर्मिळ आजार) धोक्यामुळे मुलांना सहसा टाळतातच.

सूत्र परीक्षेपुरतं ठीक आहे. घरी मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करत बसू नये. डॉक्टरांना वजन सांगून मात्रा विचारावी आणि पातळ औषध खुणा असलेल्या सिरिंजने मोजावं, चमच्याने नाही.