तिसऱ्या गाण्यात डावा हात बधीर होतो, हलक्या तारा सुचवा (तातडीने)

चौथी_तार:
आमचा हौशी बँड आहे, जुनी गाजलेली गाणी वाजवतो. मी बेस गिटारवर. गेले दोन महिने तालमीत तिसरं गाणं सुरू झालं की डाव्या हाताला मुंग्या येतात आणि पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत बोटं कुठे पडतायत ते कळत नाही. कार्यक्रम २३ दिवसांवर आलाय, यादीत १८ गाणी आहेत. तारा जड आहेत हे उघड आहे. कमी ताणाच्या कोणत्या घ्याव्यात तेवढं सांगा. 'विश्रांती घ्या' हे घरचे रोज सांगतात, ते इथे नको.

किकवाला:
कोणती बोटं? बसून वाजवता की उभ्याने? वय? बेस केवढा आहे? यातलं काहीच नसताना तारा काय सुचवणार?

तंतुवेडा:
सध्याचा संच बहुतेक ४५-१०५ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल. ४०-१०० घेतला तर जाड तारेचा ताण साधारण नऊ-दहा टक्क्यांनी उतरेल. तेवढाच फायदा एक छदाम न खर्चता हवा असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्ध्या स्वराला ११ टक्के कमी होतो. गिटारवाल्यांनाही उतरवावं लागेल, कीबोर्डवर बटण असतंच. गायकाच्या वरच्या पट्टीलाही आराम मिळतो.
मात्र तारा बदलल्या की बेसच्या मानेचा (जिच्यावर बोटं दाबतो त्या लांब दांड्याचा) बाक बदलतो. पहिला फ्रेट (मानेवरची आडवी धातूची पट्टी) आणि जिथे मान अंगाला मिळते तिथला फ्रेट, दोन्हीकडे तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर मानेतला रॉड पाव फेरा घट्ट करा, थांबा, पुन्हा बघा. एकदम पूर्ण फेरा कधीच फिरवू नका.

चौथी_तार:
@किकवाला अनामिका आणि करंगळी. उभ्यानेच, बँड म्हटल्यावर बसून कोण वाजवतं. वय ६१. बेस नेहमीचा ३४ इंची (तारेची वाजणारी लांबी), चार तारांचा.
@तंतुवेडा फट कार्डाएवढीच आहे, आत्ता बघितली. म्हणजे तारांचाच प्रश्न ना?

आखूड_मान:
तारांचा नाही, लांबीचा आहे. मी ५५व्या वर्षी ३० इंची बेस घेतला आणि माझी तक्रार संपली. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर ३४ इंचीवर १३० मिलिमीटर पडतं, ३० इंचीवर ११४. हे दीड सेंटिमीटर तुमची करंगळी प्रत्येक मात्रेला ताणून भरते आहे. शिवाय तीच तार त्याच स्वराला लावली तर ताण २२ टक्क्यांनी कमी. 'ही लहान मुलांची वाद्यं' असं कुणी म्हणेल, तर पॉल मॅककार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर ५००/१ हा ३० इंचीच आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मंद्र:
@आखूड_मान तुमचा अनुभव खरा, पण २३ दिवसांवर कार्यक्रम असताना वाद्य बदला हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. हाताला जुनी अंतरं पाठ असतात, नव्या मानेवर महिनाभर सूर चुकत राहतात. आणि ३० इंचीवर खालची जाड तार मला तरी नेहमी ढिली, गुबगुबीत ऐकू येते.
बोटं ताणू नका, हात सरकवा. डबल बेस शिकवणारे खालच्या भागात तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी एवढीच वापरायला लावतात आणि अनामिका करंगळीच्या मदतीला तिच्यासोबतच दाबायची असते. एका जागी चार फ्रेट न व्यापता तीनच व्यापायचे. पहिल्या पाच फ्रेटमध्ये ही पद्धत लावून बघा.

आखूड_मान:
@मंद्र ढिली ऐकू येते कारण लोक ३४ इंचीवरच्याच पातळ, गोल वळ्याच्या (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारा ३० इंचीवर चढवतात. जाड, सपाट वळ्याच्या (वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या) लावा आणि मग बोला. गेली चार वर्षं मी प्रत्येक कार्यक्रम तसा वाजवलाय, एकाही ड्रमरने तक्रार केली नाही.

पाचवी_हवी:
माझं मत, पाच तारांचा घ्या. पाचव्या, सगळ्यात खालच्या तारेचा स्वर (B) ३१ हर्ट्झच्या आसपास जातो, जुन्या गाण्यांनाही वेगळंच वजन येतं.

किकवाला:
@पाचवी_हवी त्यांचा हात बधीर होतोय हो. पाच तारांची मान आणखी रुंद आणि जड असते.

मनगट_सांभाळा:
मी हातांवर उपचार करणाऱ्यांपैकी, म्हणून कळकळीने लिहिते. अनामिका आणि करंगळी या जोडीला मुंग्या येणं म्हणजे कोपराच्या आतल्या हाडामागून जाणारी शीर (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) दाबली किंवा ताणली जाण्याची शक्यता जास्त. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधीर झालं असतं तर मनगटाकडे बघितलं असतं. कोपर बराच वेळ घट्ट दुमडलेलं राहिलं की ही शीर ताणली जाते. रात्री हात दुमडून उशीखाली घेऊन झोपता का? फोन कानाला लावून तासन् तास बोलता का? आणि बधिरपणा तालीम संपल्यावर किती वेळ टिकतो?
सकाळपर्यंत टिकत असेल किंवा बोटांतली ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल तर तारा-बिरा राहू द्या, डॉक्टरांना दाखवा. शिरेचं दुखणं लवकर दाखवलं तर सुटायला सोपं जातं.

चौथी_तार:
अर्ध्या तासात जातं. पण परवा तालमीहून घरी आलो तेव्हा कुलपात किल्ली फिरवता आली नाही, उजवा हात लावावा लागला. मी डावखुरा आहे. (बेस मात्र उजव्या हाताच्या लोकांसारखाच वाजवतो.) झोपतो तर हात दुमडूनच.

मनगट_सांभाळा:
किल्लीची गोष्ट पहिल्याच वेळी सांगायला हवी होती. या आठवड्यात दाखवा. कार्यक्रमानंतर नाही, आधी.

मंद्र:
पट्टा किती खाली आहे? बेस मांडीशी लटकत असेल तर मनगट काटकोनात वळतं. बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच उभ्यानेही आला पाहिजे, तितका पट्टा आखूड करा.

मनगट_सांभाळा:
@मंद्र इथे थोडं सांभाळून. बेस फार वर घेतला तर मनगट सरळ होतं, पण कोपर जास्त दुमडतं, आणि यांची तक्रार कोपराकडची दिसते. मधली जागा शोधा. मानेचं टोक खांद्याच्या दिशेला वर तिरकं ठेवलं तर दोन्ही सुटतात.

तंतुवेडा:
अजून एक तपासा. उभं राहून दोन्ही हात सोडा. मान आपोआप जमिनीकडे झुकते का? झुकत असेल तर डावा हात स्वर दाबतोच, वर मानेचं वजनही उचलतो. आतून खडबडीत असलेला रुंद चामडी पट्टा खांद्यावर घसरत नाही, त्याने बराच फरक पडतो.

चौथी_तार:
झुकते. थोडी. पट्टा नायलॉनचा आहे, बेसबरोबर आलेला.
पण मला अजून एक कळत नाही. घरी मी रोज दीड तास वाजवतो, याच तारा, हीच गाणी, कधीकधी उभ्यानेसुद्धा. तिथे काहीच होत नाही.

किकवाला:
हे आत्ता सांगताय!

सोमवारची_तालीम:
मी हाच धागा वाचत गप्प बसले होते, पण आता लिहायलाच हवं. घरी होत नाही आणि बँडमध्ये होतं, तर घरी नसलेलं काय आहे तिथे? ड्रम आणि दोन गिटारी. तुमचा अँप (बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) कुठे असतो? मला जवळपास खात्री आहे की तो जमिनीवर, तुमच्या पोटऱ्यांमागे आहे आणि तुम्हाला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही.
माझं नेमकं हेच झालं होतं. स्वतःचा स्वर ऐकू आला नाही की उजवा हात जोरात ओढतो, आणि उजवा जोर लावतो तेव्हा डावाही नकळत आवळतो. दोन हात वेगळे राहत नाहीत. मी वर्षभर मनगटाला पट्ट्या बांधल्या आणि दोष होता कानांकडे.
एक प्रयोग करा. पाचव्या फ्रेटवर कोणताही स्वर धरा, उजव्या हाताने संथ ठोके देत राहा आणि डाव्या हाताचा दाब हळूहळू कमी करत जा. तार भणभणायला लागेल. आता ती जेमतेम साफ होईल तेवढाच दाब परत द्या. तो खरा लागणारा दाब. मी केला तेव्हा मला रडू आलं होतं, इतकी मी गरज नसताना वर्षानुवर्षं दाबत होते. अंगठा तर मागून पूर्ण काढूनही स्वर निघाला. मग हाच प्रयोग तालमीत, सगळे वाजत असताना करा.

चौथी_तार:
घरी केला. खरंच फार कमी दाब लागतो. अँप जमिनीवरच असतो, तुम्ही म्हणता तसा.

सोमवारची_तालीम:
मग अँप उचला. कमरेच्या उंचीवर आणा, नाहीतर मागे कलता करून तोंड तुमच्या कानांकडे करा. आपल्याला स्वर 'कळतो' तो त्याच्या मधल्या भागातून, ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास. तो आवाज स्पीकरमधून बऱ्यापैकी सरळ निघतो आणि सध्या गुडघ्यांपाशी संपतो. अँपवरचं बेसचं बटण कमी करा, मिडचं वाढवा. एकट्याने ऐकाल तर कर्कश वाटेल, बँडमध्ये बरोबर बसेल. उघड्या जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झ, त्याच्या आसपासच किकही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) घुमतो. तिथे आवाज वाढवून तुम्ही ड्रमशी भांडत बसता.

तंतुवेडा:
जमिनीवरून उचललात की खालचा भरीवपणा थोडा कमी होतो, हेही लक्षात ठेवा.

सोमवारची_तालीम:
@तंतुवेडा होऊ दे. त्यांना ऐकू येणं महत्त्वाचं, आणि प्रेक्षकांकडे आवाज बहुतेक मिक्सरमधूनच जातो.

किकवाला:
यावर माझ्याकडून, ड्रमच्या बाजूने. सगळ्यांनी आवाज खाली आणा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १००ला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम सहज तिथे पोचतात. वयानुसार आधी वरच्या वारंवारता जातात, म्हणजे बोट तारेवर पडल्याचा 'टक्' आधी हरवतो. काका, कानही तपासून घ्या. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, सगळं सारखं खाली आणतात, मी त्यांच्याशिवाय बसत नाही.

मूळ_चाल:
अवांतर, पण १८ गाण्यांत मूळ रेकॉर्डमधला प्रत्येक स्वर वाजवताय का? अर्धे स्वर गाळले तरी लोकांना कळत नाही. प्रत्येक कॉर्डचा पायाचा स्वर आणि ठेका धरा, हाताला श्वास मिळेल.

मंद्र:
@मूळ_चाल पूर्ण असहमत. काही गाण्यांची ओळखच बेसच्या ओळीत असते. ती सोपी केली की गाणं तेच राहत नाही. मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा गाजलेला बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा, पण ओळ सोपी करत नव्हता.

मूळ_चाल:
@मंद्र जेमर्सन त्या ओळी स्वतः रचत होता, आपण उचलतो. ६१व्या वर्षी शीर दुखत असताना कुणासाठी हट्ट धरायचा? जिथे ओळ ओळखीची आहे तिथे पूर्ण वाजवावी, बाकी ठिकाणी सोडावी, एवढंच म्हणतोय.

सोमवारची_तालीम:
त्याच धर्तीवर, यादीचा क्रमही बदलून बघा. सलग तीन धावती गाणी असतील तर मध्ये एक संथ घाला.

चौथी_तार:
(पाच दिवसांनी) काल तालीम झाली. अँप खुर्चीवर ठेवला, बेस कमी, मिड वाढवला, पट्टा चार बोटं वर घेतला, चामडी पट्टा मित्राचा उसना. पहिल्याच गाण्यात मला माझा स्वर ऐकू आला आणि मी इतके दिवस दुसऱ्या कडव्यात अर्धी मात्रा पुढे पळत होतो हेही ऐकू आलं. ड्रमरनेच थांबून विचारलं की आज काय बदललं.
मुंग्या आल्या, पण नवव्या गाण्यात, आणि फक्त करंगळीला. एक गिटारवादक आवाज कमी करायला तयार नाही, त्याच्याशी बोलणं बाकी आहे. क्रम बदलला. दोन गाण्यांत ओळ मोकळी केली, तिसऱ्यात नाही केली, ती मला जशीच्या तशीच वाजवायची आहे. डॉक्टरांची वेळ गुरुवारची घेतलीय. रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपतो, म्हणजे ते दुमडत नाही.
तारा अजून त्याच आहेत.
एकच अडचण, खुर्चीवर अँप थरथरतो आणि हळूहळू पुढे सरकतो. खाली काय घालू?

तंतुवेडा:
जाड रबरी चटईचा तुकडा. आणि खुर्ची नको, चार पायांचं जड, सपाट स्टूल घ्या. खुर्चीची बैठक मागे उतरती असली तर अँप कलंडतो.

मनगट_सांभाळा:
गुरुवारी काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.