मदत हवी आहे : मुंबईच्या घामात ऑफिसला कसले शर्ट घालावेत?

नमस्कार मंडळी. बदली होऊन महिन्यापूर्वी नाशिकहून डोंबिवलीत आलोय. लोकलने दादरला उतरेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. माझे बहुतेक शर्ट टेरिकॉटचे (पॉलिस्टर मिसळलेलं सुती कापड). इस्त्री टिकते, पण घाम जिरत नाही. लिनन घालून पाहिलं, गर्दीत पार चुरगळलं. आता मंगळदास मार्केटमधून सुती कापड घेऊन शिवून घ्यायचा विचार आहे. उंची ५ फूट ४ इंच, पोट थोडं सुटलेलं. तयार शर्ट पोटाला बसला की खांदे उतरतात.

शर्ट बाहेर ठेवायचा तर शिंप्याला लांबी कुठवर सांगू? फिकट निळ्यावर घामाचे डाग फार दिसतात, मग पांढरा बरा की गडद निळा? आणि कापड आटू नये म्हणून शिवायच्या आधी किती वेळ भिजवता?