इंदूर इंग्रजांच्या ताब्यात होतं की नव्हतं? (पोरीच्या प्रोजेक्टसाठी)

रामबागची_सून
नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, शाळेतून प्रोजेक्ट दिलाय, "साम्राज्यवाद : कारणे आणि वसाहतीतल्या लोकांवर परिणाम". नेटवरून उतरवलेलं चालणार नाही, आपल्या गावाचं उदाहरण हवं असं मॅडमनी बजावलंय. आता घोळ असा की आमच्या आजेसासूबाई (वय ९१, सगळं लख्ख आठवतं) म्हणून राहिल्या की कसला साम्राज्यवाद, आपल्याकडे इंग्रज नव्हतेच, होळकरशाही होती, साहेबलोक तिकडे छावणीत नाहीतर महूला, आपला काय संबंध. पोरगी रडकुंडीला आलीय, म्हणते मग मी लिहू काय, आपण गुलामच नव्हतो तर. कोणी जाणकार सांगेल का, सोप्या भाषेत, उद्या रविवार आहे तेवढाच वेळ आहे.

जुना_इंदौरी
आजींचं अर्धं बरोबर आहे. कागदावर राज्य होळकरांचंच होतं. पण २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला शिप्रेकाठी आपण हरलो आणि पंधरा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसौरचा तह झाला, तेव्हा गादीवर दुसरे मल्हारराव म्हणजे लहान पोर. तहात काय गेलं ते बघा : खानदेशासकट सातपुड्याच्या खालचा मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरचा हक्क गेला, दुसऱ्या कुठल्या राजाशी परस्पर बोलणी करायची नाहीत, आणि दरबारात रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी, बसणार. रेसिडेन्सी एरिया म्हणतो ना आपण आजही, जिथे सकाळी फिरायला जातो, तिथे महाराजांचा हुकूम चालत नव्हता, त्यांच्याच राजधानीत. महूची छावणी पण त्याच वर्षीची.

आणि महाराज तरी किती मोकळे होते? १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, त्यात इंदूरची माणसं सापडली, तेव्हा तिसऱ्या तुकोजीरावांपुढे दोनच रस्ते ठेवले, चौकशी कमिशनला तोंड द्या नाहीतर गादी सोडा. १९२६ ला सोडली. खटल्याची बाजू काय असेल ती असो, मुद्दा हा की राजाला उठवायचं की ठेवायचं हे राजवाड्यात ठरत नव्हतं. सलामीच्या तोफा किती हेसुद्धा तेच ठरवायचे. आपल्याला १९, ग्वाल्हेरला २१, त्यावरून ग्वाल्हेरचे पाहुणे अजून टोमणे मारतात.

मंदसौरवाला_सध्या_सुदामानगर
ताई, पोरीला म्हणा अफूवर लिही. माळव्यात याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

कारण विचारलंय ना, ते असं. इंग्रजांना चीनचा चहा हवा, चीनला इंग्रजांचं काहीच नको, चांदी मोजावी लागायची. मग चांदी वाचवायला काय विकायचं तर अफू. बिहार-बनारसकडे कंपनीची मक्तेदारी, शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे आणि माल आपण ठरवू त्याच भावाने घ्यायचा. पण माळवा पडला संस्थानांचा, शिंदे-होळकरांचा, इथे मक्तेदारी कशी लावणार? इथला सावकार माल बैलांवर, उंटांवर लादून मारवाडातून पालीमार्गे कराचीला न्यायचा, तिथून पोर्तुगीजांच्या दमणला आणि दमणहून जहाजाने चीनला. कंपनीने आधी स्वतःच खरेदी करून पाहिली, मग संस्थानांशी करार करून वाटा अडवून पाहिल्या, जमलं नाही. शेवटी १८३०च्या सुमारास डोकं चालवलं की अडवू नका, पास द्या. मुंबईला न्यायची तर पेटीमागे कर भरा. १८३५ मध्ये पेटीला १२५ रुपये होता. १८४३ ला इंग्रजांनी सिंध घेतला (फक्त अफूसाठी नाही, पण कराचीची वाट बंद झाली हे खरं), आता माल जाणार कुठून? १८४७ पर्यंत तोच कर ४०० रुपये. जमीन होळकरांची, घाम शेतकऱ्याचा आणि पेटीमागचा पैसा कलकत्त्याच्या सरकारच्या तिजोरीत. एक सैनिक न पाठवता, एक शेत न घेता. अफूचा एजंट कोण, तर इंदूरचा रेसिडेंटच.

आमच्याकडे अजून सरकारी पट्ट्यावर अफू होते, मी लहानपणी मामाच्या शेतात बघितलीय. फेब्रुवारीत डोडे (अफूची बोंडं) तयार झाले की दुपारनंतर त्यांना बारीक चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी ऊन चढायच्या आत एकेक डोडा धरून तो खरवडून घ्यायचा. बोटं काळी चिकट होतात, डोकं जड होतं. घरातली सगळी माणसं, बायापोरं, वाकून वाकून. त्या कामाकडे बघितलं की कळतं गव्हाच्या वाट्याचं पाणी आणि माणसं कुठे जात असतील.

आणि चीनमध्ये काय झालं तेही लिहायला सांगा. १८३९ मध्ये त्यांच्या अधिकाऱ्याने, लिन त्झशू, वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या, त्यावरून युद्ध झालं, १८४२ ला हाँगकाँग गेलं. त्या पेट्यांत माळव्याचाही माल होता. म्हणजे आपण नुसते भोगणारे नाही, दुसऱ्याच्या घरात विष पोचवणाऱ्या साखळीत पण होतो. हे कोणाला आवडत नाही ऐकायला.

प्रॅक्टिकल_भिया
सगळं मान्य पण भिया, रेल्वे कोणी आणली? पोस्ट, तार, डेली कॉलेज? नुसतं रडगाणं नको पोरीच्या प्रोजेक्टमध्ये, दोन्ही बाजू पाहिजेत.

जुना_इंदौरी
रेल्वेचं बरं काढलंस. खंडवा ते इंदूर लाईनीसाठी १८७० मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने. जमीन फुकट. पातालपाणीचा घाट ज्या पैशातून चढलास तो होळकरांचा आहे. इंग्रज नसते तर रेल्वे आली नसती असं म्हणायला जपान आहे ना समोर, तिथे कोणाचं राज्य नव्हतं तरी १८७२ ला गाडी धावली. आणि गाडीने आधी काय वाहिलं ते पण विचार, कापूस, गहू, अफू मुंबई बंदराकडे.

तार मात्र १८५७ मध्ये त्यांच्या चांगलीच कामी आली. १ जुलैला होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानाने रेसिडेन्सीवर तोफा डागल्या, तिथला इंग्रज अधिकारी ड्युरंड साहेब पळाला, पण वर्षअखेरीपर्यंत सगळं परत त्यांच्या हातात. धारजवळच्या अमझेरा संस्थानाचे राणा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ ला इथेच फाशी दिलं, एमवाय हॉस्पिटलच्या आवारात ते कडुलिंबाचं झाड आहे. पोरीला घेऊन जा, फोटो काढा. पार्किंग मिळणार नाही, रिक्षाने जा.

महेश्वर_साडी
मला एक खटकतं, राग मानू नका. आपण मराठी लोक माळव्यात कसे आलो? मल्हारराव काय पोहे खायला आले होते का? चौथाई आपणही घेतलीच. इथल्या मालवी माणसाला, डोंगरातल्या भिलाला विचारलं तर त्याचा हिशोब वेगळा निघेल. फरक एवढाच मला दिसतो की होळकर इथेच राहिले, अहिल्यादेवींनी घाट बांधले, महेश्वरला विणकर आणून वसवले, पैसा इथेच फिरला. साहेबाचा पैसा समुद्रापार गेला. दादाभाई नौरोजी तेच मांडत होते, आणि ते १८७४ मध्ये बडोद्याला दिवाण होते, म्हणजे संस्थान आतून बघितलेला माणूस. पण "आपण फक्त बिचारे" असं नका लिहू एवढंच.

प्रॅक्टिकल_भिया
हे पटलं. कर्जाचं मला माहीत नव्हतं, माघार.

रामबागची_सून
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आजींना अफूचं वाचून दाखवलं. आधी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या अगं अफू तर घरात असायचीच, बाळ रडायला लागलं की बोटाच्या टोकावर घेऊन चाटवायची, गाढ झोपायचं, बाया कामाला मोकळ्या. कुठून आणायचे विचारलं तर म्हणे ठेक्यावरून, सरकारी होता. कुठलं सरकार, असं पोरीने विचारलं, तर म्हणे ते नाही बाई ठाऊक.

पोरगी ते पण लिहून राहिली आहे. एकच अडलंय, पेटी म्हणजे केवढी? आणि मॅडमनी कारणं वेगळी, परिणाम वेगळे असे दोन भाग सांगितलेत, रेल्वेचं कर्ज कुठल्या भागात घालायचं?

मंदसौरवाला_सध्या_सुदामानगर
पेटी म्हणजे १४० पौंड, साधारण साडेत्रेसष्ट किलो. कर्ज परिणामांत घाला.

जुना_इंदौरी
कारणांत घाला.