पुटिका, कण की चंची?

पूर्वभागकर : सोलापुरातल्या एका मूत्ररोगतज्ज्ञांची रुग्णपुस्तिका मराठीत आणताना ‘एक्सोसोम’ या, पेशींमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांच्या नावापाशी अडलो आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१६ पासून लघवीची एक चाचणी उपलब्ध असून तीत याच कणांमधला ईआरजी, पीसीए३ आणि एसपीडीईएफ या तीन जनुकांचा आरएनए (जनुकातल्या संदेशाची प्रत) मोजतात. रक्तातले पीएसए हे प्रोस्टेटचे प्रथिन २ ते १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान असलेल्या पन्नाशीपुढच्या पुरुषाची बायोप्सी करावी की टाळावी, हे ठरवायला त्याची मदत होते. मी ‘पेशींनी टाकलेले कण’ असे लिहिले, तर डॉक्टरांनी ‘टाकलेले’खाली लाल रेघ मारली.

शुद्धमती : रेघ योग्यच आहे. ‘पेशीबाह्य पुटिका’, म्हणजे पेशीबाहेरच्या इवल्या पिशव्या, असे लिहावे. पेशीसाठी हिंदीतली ‘कोशिका’ मात्र कृपया नको.

प्रयोगवही : ‘टाकलेले’ इतिहासाला धरून आहे. १९६७ मध्ये या कणांना ‘प्लेटलेटची धूळ’ म्हटले गेले. १९८३ मध्ये मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशी नको झालेला ट्रान्सफेरिन ग्राहक (लोह आत घ्यायला लागणारे प्रथिन) अशा पुड्या बांधून बाहेर काढताना दिसल्या, तेव्हाही हा केरच मानला गेला. २००७ मध्ये त्यांत आरएनए सापडल्यावर केराचा भाव वाढला. शिवाय पुटिका हे सबंध कुळाचे नाव आहे, तर एक्सोसोम म्हणजे पेशीच्या आत घडून मग बाहेर पडणारी, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरची तिची एक जात.

माळावरचा : ‘पुटिका’ वाचून रुग्णाला पुटकुळी आठवेल. ‘पिशवी’ म्हणावे, तर आपल्याकडे ‘पिशवी काढली’ म्हणजे गर्भाशय काढले. म्हाताऱ्या गृहस्थांच्या लघवीत पिशव्या कशा सांगणार? मला ‘चंची’, म्हणजे पान-तंबाखूची पिशवी, सुचते. आजीची चंची उघडली की चुना किती, कात किती, यावरून ती कोणाची हे घरात कोणीही सांगे; येथेही आतल्या प्रथिनांवरून आणि आरएनएवरून मूळ पेशी कोणती आणि ती बिघडली आहे का, हेच ताडायचे असते.

शुद्धमती : कर्करोगाच्या पुस्तिकेत चंची! वाचणारा तंबाखूच शोधेल.

पूर्वभागकर : चंची मुळात आमची आहे. आम्ही घरी तेलुगूत पिशवीला ‘संची’च म्हणतो.

माळावरचा : अक्कलकोटकडचे कानडी पाहुणेही पानाच्या पिशवीला संचीच म्हणतात, त्यामुळे शब्द तिकडूनच आला असणार.

शुद्धमती : दोघांनीही तो संस्कृत ‘संचय’वरून घेतला, असे मी म्हणेन.

प्रयोगवही : मग मराठीत ‘स’चा ‘च’ का झाला, हे आधी सांगावे.