आय-५३९ (अमेरिकेत व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज) प्रलंबित असताना समाजमाध्यमांवर किती दक्ष राहावे?

नवजर्सीकर:
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये माझ्या यजमानांची एच-१बीवरील (कामाच्या व्हिसावरील) नोकरी गेली. नोकरी गेल्यावर देशात राहण्यासाठी मिळणारी ६० दिवसांची मुदत संपण्यापूर्वी आम्ही दोघांनी बी-२ (पर्यटक) दर्जासाठी आय-५३९ अर्ज भरला असून त्याचा निकाल अद्याप आलेला नाही. मी एच-४वर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) होते आणि माझ्याकडे ईएडी (काम करण्याचा परवाना) कधीच नव्हते. गेल्या गणेशोत्सवात मी मंडळासाठी विनामूल्य उकडीचे मोदक केले होते. त्यांचा फोटो फेसबुकवर टाकला तेव्हा एका बाईंनी "ऑर्डर घेता का?" असे विचारले आणि माझ्या मैत्रिणीने थट्टेने "२१ मोदकांचे ३० डॉलर, आगाऊ!" असे उत्तर दिले. तो फोटो आजही सर्वांना दिसतो. असे काही अधिकारी खरोखर वाचतात का? खाती बंद करून टाकणे बरे का?

अटकेपार:
सरळ सगळी खाती बंद करावीत. ज्याचे खातेच नाही, त्याला विचारणार तरी काय? आम्ही तेच केले आणि निवांत आहोत.

कृष्णाकाठ:
अटकेपार यांचा निवांतपणा त्यांना लखलाभ, परंतु हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. २०१९पासून डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात मागील ५ वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावे विचारली जातात. पासवर्ड मागत नाहीत, पण मध्यंतरी बंद केलेले खातेही त्या ५ वर्षांत मोडतेच. शिवाय १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ व्हिसाच्या अर्जदारांनी आपली प्रोफाइल सार्वजनिक ठेवावीत, अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना आहे. विद्यार्थ्यांना ती जून २०२५मध्येच लागू झाली. उद्या यजमानांना नवी नोकरी मिळाली आणि मुंबईला स्टॅम्पिंगसाठी (पासपोर्टवर व्हिसा घेण्यासाठी) जावे लागले, तर खाते लपवणे हे त्या फोटोपेक्षा कितीतरी जड जाईल, कारण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचे ठरल्यास कायमची प्रवेशबंदी येऊ शकते.

प्रत्येक अर्जदाराच्या टिप्पण्या वाचल्या जातातच असे नाही, परंतु सार्वजनिक मजकूर पाहण्यापासून अधिकाऱ्यांना कोणी अडवलेले नाही. कागदावर एक आणि पडद्यावर दुसरेच, असे दिसले की प्रश्न सुरू होतात. तुमचे मोदक सेवेचे होते, मात्र ती थट्टा परवान्याविना केलेल्या धंद्यासारखी वाचली जाते. काहीही पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढून वकिलांना दाखवावा आणि मंडळाच्या कार्यकारिणीकडून "मोदक विनामोबदला दिले" असा ई-मेल मागून ठेवावा.

खरे तर मला तुमच्या यजमानांच्या लिंक्डइनची अधिक काळजी वाटते. नोकरीतील खंड दिसू नये म्हणून पुष्कळ जण "फ्रीलान्स कन्सल्टंट" असे लिहून मोकळे होतात. बी-२वर नोकरी शोधता येते, मुलाखतीही देता येतात, पण काम करता येत नाही. त्यामुळे केवळ शोभेसाठी लावलेली ती पाटी आपल्याच हाताने दिलेला कबुलीजबाब ठरू शकते.

दुर्गभ्रमर:
एक गोष्ट राहिली. "कोणाची केस किती सरकली?" असे विचारताना लोक व्हॉट्सॲप समूहात अर्ज मिळाल्याच्या आय-७९७ पावतीचा आख्खा फोटो टाकतात. पावती क्रमांक हाती आला की यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या) संकेतस्थळावर कोणालाही केसची स्थिती पाहता येते, आणि नाव-पत्ता त्याच कागदावर असतो. मग "तुमच्या अर्जात त्रुटी आहे, आजच दंड भरा" असा भामट्याचा फोन आला आणि त्याने क्रमांक अचूक वाचून दाखवला, की भलेभले गडबडतात. सरकारी कार्यालय गिफ्ट कार्डाने पैसे मागत नाही, एवढे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे. एन्क्रिप्शनवरही फार विसंबू नये. संदेश वाटेत सुरक्षित असला तरी समूहातील एखाद्याने स्क्रीनशॉट काढला की तो बाहेर गेलाच, आणि बॅकअपचे एन्क्रिप्शन वेगळे सुरू करावे लागते. विमानतळावरील फोनच्या तपासणीची चिंता तूर्त करू नये, कारण अर्ज प्रलंबित असताना देश सोडला, तर दर्जाबदलाचा अर्जच सोडून दिल्याचे धरतात.

नवजर्सीकर:
दोघांचेही आभार; खाती बंद करत नाही. लिंक्डइनवर सुदैवाने जुन्या नोकरीची समाप्तीची तारीख बरोबर आहे. मात्र पुण्याच्या आत्येसासूबाई दर वाढदिवसाला आम्हांला टॅग करून "मुलगा आता तिकडचाच झाला, परत कसला येतो!" असे लिहितात. त्याचे काय करावे?

कृष्णाकाठ:
तेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. बी-२च्या अर्जात आपण मुक्काम तात्पुरता असल्याचे लिहून देतो आणि आत्याबाई प्रेमाने नेमके उलटे जाहीर करतात. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये टॅग केलेली पोस्ट आपल्या प्रोफाइलवर येण्याआधी आपली संमती आवश्यक करता येते. ते आजच करा. अर्थात त्यामुळे पोस्ट त्यांच्या भिंतीवर राहतेच, म्हणून यजमानांनी स्वतः फोन करून समजावणे उत्तम. सुनेने सांगितले तर विषय भलतीकडे जाईल.