विषय: नागपूरच्या घरचं इंटरनेट लागतं आणि तुटतं

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार,

मी मिशिगनला असते, माहेर नागपूरचं, खामल्याचं. घरी आईबाबा दोघंच. दिवाळीत गेले तेव्हा डेस्कटॉपला डायलअप, म्हणजे फोनच्या लाइनीवरून चालणारं इंटरनेट, जोडून दिलं होतं, आणि हिवाळाभर दर शनिवारी आम्ही निवांत बोललो. इथे सकाळचे साडेसहा, तिथे संध्याकाळचे पाच. लेक आजीकडून मुळाक्षरं शिकते.

एप्रिलअखेरीस मात्र बिघडलं. कनेक्शन लागतं आणि पाच-सात मिनिटांत तुटतं. डेस्कटॉप जुना झाला असेल म्हणून चुलतभावाबरोबर माझा इथला लॅपटॉप पाठवला, तर तो नंबरच फिरवत नाही. ६८० एरर देतो, डायल टोन नाही म्हणतो. बाबा म्हणतात रिसीव्हर उचलला की टोन चांगला येतो. दोन जण येऊन बघून गेले. एकाने विंडोज पुन्हा टाकलं, दुसरा म्हणाला नवीन मोडेम घ्या. कोणाला काही सुचत असेल तर कृपया सांगा. लेक 'ड'वर अडली आहे आणि दर शनिवारी रडते.

खामल्याची लेक

*

बेटा, नमस्कार.

मी नागपुरातच टेलिफोन खात्यात नोकरी केली, सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहे. तुला अगंतुगं करतो, राग मानू नकोस.

तुझ्याकडे बिघाड एक नाही, दोन आहेत. ते एकमेकांत मिसळले म्हणून सगळे गोंधळले.

आधी लॅपटॉप. त्याचा मोडेम अमेरिकेतला. इथला डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. बाबांच्या कानाला दोन्ही टोनच, पण मोडेम आपल्या ओळखीच्या सुराची वाट बघत बसतो आणि तो आला नाही की ६८० दाखवतो. कंट्रोल पॅनेलमध्ये फोन अँड मोडेम ऑप्शन्स उघडा, मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डायल टोनची वाट बघा' अशा अर्थाच्या ओळीपुढची खूण काढून टाका. तरी नाही जमलं तर ॲडव्हान्स्डमध्ये जादा कमांडसाठी एक रिकामी चौकट असते, तिथे इंग्रजी एक्स आणि त्याला चिकटून ३ लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता डेस्कटॉप. नंबर लागतो, आत शिरता येतं, म्हणजे मोडेम आणि पासवर्ड दोन्ही ठीक. पासवर्ड चुकला असता तर ६९१ आला असता, पलीकडून कोणी उचललंच नसतं तर ६७८. लागून तुटतं याचा अर्थ लाइनीत खरखर आहे. सुरुवातीला तो चिरचिर आवाज येतो ना, तेव्हा दोन्हीकडचे मोडेम लाइन कशी आहे ते चाचपून आपसात वेग ठरवतात. पुढे खरखर वाढली की पुन्हा जुळवून बघतात, वेग खाली आणतात, आणि तरीही जमेना तर सोडून देतात. विंडोज शंभरदा टाकलं तरी त्यात फरक पडणार नाही.

बाबांना सांग, रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा. टोन थांबतो आणि लाइन गप्प होते. त्या शांततेत कान लावून ऐका. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी पाचनंतर एकदा. दोन्ही वेळा, विसरू नका.

दोन वेळा का ते सांगतो. हिवाळाभर चाललं, एप्रिलअखेरीस बिघडलं, आणि तुम्ही बोलता संध्याकाळी. नागपुरात या दिवसांत संध्याकाळी घरोघरी काय चालू असतं? कूलर. फोनची वायर कूलरच्याच खिडकीतून आत आली असेल तर पाणी तिच्यावरून आत उतरत असेल. खालचा रोझेट, म्हणजे फोनच्या तारा जोडतात ती भिंतीवरची डबी, उघडून बघा. उघडण्याआधी मोडेमची आणि फोनची पिन काढा, आणि तेवढ्या वेळात कोणी फोन करू नका. बेल वाजताना तारेत ७५ व्होल्टच्या आसपास असतात, बोटाला चांगलाच झटका बसतो.

लक्ष्मीनगरचे काका

*

काका, नमस्कार.

तुम्ही इथे बसून आमच्या घरातली खिडकी बघितलीत असंच वाटलं!

लॅपटॉप खूण काढताच लागला. डेस्कटॉपचं असं की सकाळी लाइन एकदम शांत, आणि संध्याकाळी कूलरचा पंप सुरू झाल्यावर थोड्याच वेळात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. फोनची वायर कूलरशेजारच्या भोकातून आत येते आणि सरळ खाली रोझेटमध्ये उतरते. कूलरच्या ताटीचं पाणी वायरीवरून ओघळत आत जात होतं. बाबांनी झाकण काढलं तर एका स्क्रूखालचं तांबं हिरवंगार, आणि तार हात लावताच तुटली. त्यांनी ब्लेडने टोकं घासून नवीन तांबं काढलं, स्क्रू बदलले, रोझेट वीतभर वर दुसऱ्या भिंतीवर नेला. लाइनमन बिचारे दुसऱ्याच दिवशी आले, खांबापासूनची वायर बदलून गेले आणि ती भोकाबाहेर थोडी लोंबती ठेवली, म्हणजे पाणी बाहेरच गळून पडतं. आधी कनेक्शनचा वेग सेकंदाला २४,००० बिट दिसायचा, आता ४४,००० दिसतो. बाबा म्हणाले, 'लाइन आत्ता मस्त चालून राहिली.'

शनिवारी सव्वा तास बोललो. 'ड', 'ढ', 'ण' तिन्ही झाले.

खामल्याची लेक

*

बेटा, वाचून फार आनंद झाला. बाबांना माझा नमस्कार सांग, स्क्रू बदलले हे फार चांगलं केलं. गंजलेल्या स्क्रूखाली नवीन तांबंसुद्धा पुन्हा हिरवं पडतं.

एक राहिलं. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी आपल्याकडे विजा फार कडाडतात. आभाळ भरून आलं की मोडेमची वायर भिंतीतून काढून ठेवायला सांग. नुसता कॉम्प्युटर बंद करून उपयोग नाही, वीज फोनच्या तारेतूनही येते आणि मोडेम जाळते. तुझ्या लॅपटॉपमध्ये तर मोडेम आतच आहे, तो जळला तर दुरुस्ती महागात पडते. आईंना सांग, वाळवणं उचलायला गच्चीवर जाण्याआधी ती पिन काढा.

लक्ष्मीनगरचे काका